एकाच घरातलं गाणं

बहरीनच्या वायव्य किनाऱ्यावरचं बुदैया हे एके काळी मोत्यांवर जगणारं गाव. इथे दवासिर जमातीची वस्ती होती. १९२३ साली ती गाव सोडून समुद्रापलीकडे दम्मामला गेली आणि काही वर्षांनी तिच्यातली काही कुटुंबं परत आली. आज इथे खजुराच्या बागा आणि भिंतीआडच्या व्हिलांची कंपाउंडं शेजारी शेजारी आहेत. नोकरीनिमित्त आलेल्या मराठी माणसांच्या घरात गणेशोत्सव, दिवाळी, महाराष्ट्र दिन यांच्या कार्यक्रमांची तयारी वर्षभर या ना त्या रूपात चालू असते. पूर्वी त्यासाठी पेटी-तबला पुरे व्हायचा. आता एका खोलीत लॅपटॉप, ऑडिओ इंटरफेस, एक बरा कंडेन्सर माइक आणि आवाज घुमू नये म्हणून कपाटाच्या दारावर टाकलेली गोधडी असते. तबल्याचा ट्रॅक सांगलीहून येतो, बासरी पुण्याहून, आणि कोरस इथे, शुक्रवारी सगळ्यांना सुट्टी असते तेव्हा. तीन गावांत मिळून गाणं तयार होतं, पण राहतं एकाच जागी, त्या लॅपटॉपमध्ये.

मग एक दिवस लॅपटॉप चालू होत नाही, किंवा प्रोजेक्ट उघडतो पण आत सगळे ट्रॅक रिकामे दिसतात. अशा वेळी माणूस आधी भलत्याच गोष्टी करतो आणि उरलंसुरलंही घालवून बसतो. म्हणून हा विषय मुळापासून पाहायला हवा: नेमकं काय हरवतं, त्यातलं काय परत मिळू शकतं आणि कसं ठेवलं तर हरवत नाही. या सगळ्यातून माझं मत एकच झालं आहे. संगीत टिकतं ते किती घरांत आहे यावर. किती भारी यंत्रात आहे, याने फारसा फरक पडत नाही.

याचा दाखला बहरीनमध्येच आहे. मोती काढायला जाणाऱ्या गलबतांवर नह्हाम नावाचा मुख्य गायक असे. त्याच्यामागे खलाशी टाळ्यांच्या आणि मातीच्या घड्यांच्या ठेक्यावर गात. हे गाणं म्हणजे फिजिरी. डिसेंबर २०२१ मध्ये युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत त्याची नोंद केली. १९५० च्या दशकात पी. व्ही. ग्लोब यांची डॅनिश पुरातत्त्व मोहीम बुदैयापासून काही किलोमीटरवरच्या बारबार इथलं प्राचीन मंदिर खणत होती. त्या मोहिमेच्या निमित्ताने १९५८ साली पौल रोव्सिंग ओल्सेन हे संगीतकार आणि लोकसंगीताचे अभ्यासक इथे आले, पुढेही येत राहिले, आणि खलाशांचं गाणं त्यांनी टेपवर घेतलं. १९८२ साली ते वारले तेव्हा त्यांचं पुस्तक छापून झालेलं नव्हतं. 'म्युझिक इन बहरीन' या नावाने ते २००२ साली डेन्मार्कमध्ये ध्वनिमुद्रणांसह प्रसिद्ध झालं. मोत्यांचा धंदा केव्हाच बसला होता आणि गलबतावर उमेदीची वर्षं काढलेले गायक एकेक करून गेले होते. त्यांचे आवाज दूरच्या थंड देशातल्या कपाटांत कित्येक वर्षं थांबून राहिले, आणि तिथे होते म्हणूनच मिळाले.

आपल्याकडचा इतिहास याहून वेगळा नाही. अल्लादियाखाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण नाही. त्यांची गायकी आपल्यापर्यंत आली ती मोगूबाई, केसरबाई अशा शिष्यांच्या गळ्यांतून, म्हणजे माणसांत ठेवलेल्या प्रतींतून. त्या केसरबाईंची भैरवी १९७७ साली व्हॉयेजर यानांवरच्या सोन्याच्या तबकडीवर गेली. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. कंपन्यांनी त्या हजारांनी काढल्या, पण मूळ साचे सगळे जपले नाहीत. आज विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं जे मराठी गाणं ऐकायला मिळतं, त्यातलं बरंचसं कुणाच्या तरी वाड्यातल्या ट्रंकेतून, जुन्या बाजारातल्या ढिगातून संग्राहकांनी गोळा केलेलं आहे. १९९० साली मुंबईत स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्ससारख्या मंडळींनी आणि सुरेश चांदवणकरांसारख्या अभ्यासकांनी हे काम पदरमोड करून केलं. तबकडी विकली गेली, घराघरात गेली, म्हणून उरली.

घरगुती ध्वनिमुद्रणाचं नेमकं उलट असतं. ते विकलं जात नाही. कार्यक्रमात एकदा वाजतं, मग मिक्स करून घेतलेली एमपीथ्री व्हॉट्सअॅपवर फिरते आणि मूळ सामान एकट्या डिस्कवर पडून राहतं.

आता ते मूळ सामान म्हणजे काय ते बघू, कारण निम्मा गोंधळ इथेच आहे. क्यूबेस, लॉजिक, एबलटन लाइव्ह, एफएल स्टुडिओ, रीपर, प्रो टूल्स या ध्वनिमुद्रणाच्या प्रोग्रामांपैकी कशातही काम करा, जी फाइल आपण 'सेव्ह' करतो तिच्यात बहुधा आवाज नसतो. ती पंगतीच्या यादीसारखी असते: कुठला पदार्थ कुठल्या भांड्यात आहे आणि किती वाढायचा, एवढंच तिच्यात लिहिलेलं. आवाज वेगळ्या वेव्ह फाइलींत असतो, त्या बहुधा शेजारच्या 'ऑडिओ' नावाच्या फोल्डरमध्ये. बाहेरून आणलेले लूप डाउनलोडच्या फोल्डरमध्येच राहिलेले असतात, तबल्याची सॅम्पल लायब्ररी तिसऱ्याच डिस्कवर, रिव्हर्बचं प्लगइन प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये, आणि तानपुरा तर मोबाइलवरच्या अॅपमधून वाजलेला, त्याची नोंद कुठेच नाही. त्यामुळे एकटी प्रोजेक्ट फाइल पेन ड्राइव्हवर टाकून 'बॅकअप घेतला' असं समजणं ही या क्षेत्रातली सगळ्यात सर्रास दिसणारी फसगत आहे. फाइल काही मेगाबाइटची, चटकन कॉपी होते, मन शांत होतं. दुसऱ्या संगणकावर उघडली की ती विचारते, आवाज कुठे आहेत?

आवाजाचा आकार हिशेबाने कळतो. ४८ किलोहर्ट्‌झ, २४ बिट, एक मोनो ट्रॅक म्हणजे मिनिटाला साधारण ८.६ मेगाबाइट. दहा मिनिटांचं गाणं सोळा ट्रॅकवर घेतलं तर सुमारे १.४ गीगाबाइट. आठ माइक लावून तीन तासांची मैफल घेतली तर साडेबारा गीगाबाइटच्या आसपास. हे आजच्या डिस्कना काहीच नाही. जागा नाही म्हणून बॅकअप राहिला, ही सबब दहा-पंधरा वर्षांपूर्वी खरी होती.

हरवण्याच्या तऱ्हा अनेक आहेत, पण बहरीनमध्ये त्यांतल्या काही जास्त जाणवतात. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि हवा समुद्रामुळे दमट असते. उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत डॅशबोर्डचं तापमान साठ अंशांच्या वर सहज जातं, आणि घरगुती हार्ड डिस्कची चालू असतानाची मर्यादा साधारण तेवढीच असते. तालमीहून येताना वाटेत खरेदीला थांबायचं आणि ड्राइव्ह गाडीत ठेवायचा, हे इथे करू नये. थंडगार खोलीतून बाहेरच्या दमट हवेत डिस्क नेली की तिच्यावर बाष्प धरतं, म्हणून बाहेरच्या प्रयोगाला गेल्यावर पिशवीतून काढून लगेच जोडू नये, थोडा वेळ जाऊ द्यावा. पाणीही आहेच. एप्रिल २०२४ मधल्या पावसाने आखातातल्या शहरांचे रस्ते पाण्याखाली गेले होते. वाळवंटात पूर येत नाही, हा समज त्या आठवड्यात संपला.

बाकीची कारणं सगळीकडे सारखीच आहेत. मॅक आणि विंडोज दोन्हींवर चालावी म्हणून बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असते. या पद्धतीत केलेल्या बदलांची वही ठेवली जात नाही, त्यामुळे लिहिणं चालू असताना केबल ओढली तर अख्ख्या फोल्डरांची सूची बिघडू शकते. हार्ड डिस्क आज ना उद्या जातेच. बॅकब्लेझ ही साठवणुकीची कंपनी आपल्या लाखो डिस्कचे आकडे जाहीर करते. तिथलं डिस्क निकामी होण्याचं वर्षाचं प्रमाण दीड टक्क्याच्या आगेमागे असतं, आणि त्या डिस्क वातानुकूलित खोलीत जागच्या न हलणाऱ्या असतात. आपली डिस्क पिशवीतून फिरते. पण यंत्रापेक्षा माणसाचा हात जास्त घात करतो: नवीन गाणं जुन्याच प्रोजेक्टवर 'सेव्ह' करणं, जागा करायला 'नको असलेले' टेक पुसणं, डिस्क भरली म्हणून कुणाला न विचारता रिकामी करणं.

हरवलं आहे असं लक्षात आल्यावर पहिल्या तासात काय होतं यावर बरंच अवलंबून असतं. पहिलं काम म्हणजे काहीच न करणं. फाइल पुसली म्हणजे तिचे बिट लगेच जात नाहीत, सूचीतली नोंद जाते आणि ती जागा मोकळी म्हणून मांडली जाते. त्या जागेवर दुसरं काही लिहिलं गेलं की मात्र परतीचा रस्ता बंद. म्हणून त्या डिस्कवर रेकॉर्डिंग करायचं नाही, तिच्यावर रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवायचं नाही, ब्राउझरसुद्धा उघडायचा नाही. फिरत्या तबकडीच्या हार्ड डिस्कवर आशा बरीच असते. एसएसडीचं तसं नाही. तिच्यात ट्रिम नावाची सोय पुसलेली जागा आतल्या आत कायमची साफ करून ठेवते, आणि लॅपटॉपच्या आतल्या एसएसडीवर हे बहुधा काही क्षणांतच होतं. आजचे बहुतेक लॅपटॉप एसएसडीवर चालतात. म्हणजे 'पुसलं तरी काढता येतं' हा जुना दिलासा आता उरलेला नाही.

त्यामुळे शोध आधी डिस्कच्या पोटात घेऊ नये, सॉफ्टवेअरने स्वतःच ठेवलेल्या मागच्या प्रतींत घ्यावा. या प्रती बहुतेकांना माहीतच नसतात. क्यूबेस मूळ प्रोजेक्टशेजारी ठराविक वेळाने डॉट बीएके अशा शेपटाच्या फाइली ठेवतं. ते शेपूट बदलून डॉट सीपीआर केलं की फाइल उघडते. प्रो टूल्सच्या सेशनच्या फोल्डरमध्ये 'सेशन फाइल बॅकअप्स' असतं. एबलटन लाइव्ह प्रोजेक्टच्या आतल्या 'बॅकअप' फोल्डरमध्ये शेवटच्या दहा आवृत्त्या ठेवतं. स्टुडिओ वनमध्ये 'हिस्टरी', एफएल स्टुडिओमध्ये 'बॅकअप', रीपरमध्ये शेपटाला 'बॅक' जोडलेली फाइल. लॉजिकमध्ये फाइल मेनूतला 'रिव्हर्ट टू' आधीच्या सेव्हपर्यंत मागे नेतो. गॅरेजबँडचा प्रोजेक्ट फाइलीसारखा दिसतो पण खरं म्हणजे ते फोल्डर आहे. मॅकवर त्याच्यावर उजवी कळ दाबून 'शो पॅकेज कंटेंट्स' म्हटलं की आतल्या मीडियाच्या फोल्डरमध्ये मूळ टेक सापडतात, प्रोजेक्ट उघडत नसला तरीही. रीपरची प्रोजेक्ट फाइल तर साधा मजकूर असते. नोटपॅडमध्ये उघडून, चुकलेला फोल्डरचा पत्ता हाताने दुरुस्त करून ती सावरता येते. मला रीपर आवडण्याचं हे मोठं कारण आहे.

दुसरा नेहमीचा अपघात म्हणजे रेकॉर्डिंग चालू असतानाच वीज जाणं किंवा प्रोग्राम बंद पडणं. मागे जी वेव्ह फाइल उरते ती शून्य सेकंदांची दिसते, आणि लोक ती पुसून टाकतात. पुसू नये. वेव्ह फाइलीच्या सुरुवातीला एक छोटा मथळा असतो, त्यात एकूण लांबी लिहिलेली असते आणि ती बऱ्याचदा शेवटी लिहिली जाते. मथळा अर्धा राहिला तरी त्याच्यामागचा आवाज शाबूत असू शकतो. फाइलीचा आकार काही मेगाबाइट असेल तर आवाज आत आहेच, असं धरून चालावं. ऑडॅसिटीत 'इम्पोर्ट रॉ डेटा' घ्यायचं, २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झ, मोनो अशी मूळचीच मापं भरायची. सुरुवातीला एक टचकन आवाज येतो आणि मागून अख्खा टेक. नुसता खरखराट आला तर एखादं माप चुकलेलं असतं, ते बदलून पुन्हा बघायचं.

हे सगळं संपलं की मग रिकव्हरीची साधनं. टेस्टडिस्क आणि फोटोरेक ही फुकट आहेत, भरवशाची आहेत, दिसायला कोरडी आहेत. डिस्क कुरकुरत असेल तर आधी डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने तिची बिटागणिक प्रतिमा दुसऱ्या डिस्कवर घ्यायची आणि शोध त्या प्रतिमेत करायचा. मूळ डिस्कला पुन्हा पुन्हा वाचायला लावणं म्हणजे तिचं उरलेलं आयुष्य खर्च करणं. आतून टकटक आवाज येत असेल तर मात्र वीज काढून घ्यायची आणि स्वच्छ खोली असलेल्या व्यावसायिक प्रयोगशाळेकडेच द्यायची. डिस्क फ्रिजमध्ये ठेवा, हा सल्ला अजून फिरतो. बहरीनच्या दमट हवेत तर तो सरळ घातक आहे.

फोटोरेकने फाइली काढल्या तर त्यांची नावं जातात. हाती शेकडो आकडेवाल्या वेव्ह फाइली येतात आणि कोणता टेक गाण्यात कुठे होता ते कळत नाही. इथे एक जुनी शहाणी सोय उपयोगी पडते. युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ साली ब्रॉडकास्ट वेव्ह नावाची रचना ठरवली. तिच्यात आवाजाबरोबर तो मुद्रित झाला ती तारीख आणि प्रोजेक्टच्या कालरेषेवरची जागा लिहिलेली असते. बहुतेक व्यावसायिक प्रोग्राम अशीच फाइल लिहितात, किंवा लिहायला सांगता येतं. मग नाव गेलेला टेकही 'मूळ जागी ठेव' म्हटलं की आपल्या मात्रेवर जाऊन बसतो. सेटिंगमधली ही खूण आजच तपासून घ्यावी. नंतर ती लावून उपयोग नाही.

मॅकवाल्यांसाठी एक गोष्ट जोडतो. टाइम मशीन चालू असेल तर बाहेरची डिस्क जोडलेली नसतानाही मॅक आपल्याच डिस्कवर मागच्या चोवीस तासांचे टप्पे ठेवतो. दुपारी केलेली गफलत संध्याकाळी त्यातून निस्तरता येते. विंडोजवर फाइल हिस्टरी आधी चालू केलेली असावी लागते, आणि ती बहुधा केलेली नसते.

मोठ्या संस्थांचं काय होतं ते पाहिलं की घरातल्या कपाटाकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं जातं. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मना आग लागली आणि मोठा साठा जळाला. 'संत तुकाराम' आपल्याला आजही पाहता येतो, कारण त्याच्या प्रती दुसरीकडेही होत्या. १ जून २००८ रोजी हॉलिवूडमधल्या युनिव्हर्सल स्टुडिओच्या आवारात लागलेल्या आगीत युनिव्हर्सल म्युझिकच्या मूळ टेपा जळाल्या. नेमक्या किती, यावर वाद आहे, कंपनीने वर्तमानपत्रांतले आकडे मान्य केले नाहीत. त्या आगीतला धडा आकड्यात नाहीच. प्रसिद्ध झालेली गाणी जगभरच्या तबकड्यांवर राहिली. गेलं ते मूळ सामान: सुटे ट्रॅक, न वापरलेले टेक, पुन्हा मिक्स करण्याची शक्यता. आपल्या व्हॉट्सअॅपवरच्या एमपीथ्रीचं आणि लॅपटॉपमधल्या प्रोजेक्टचं नातं अगदी तेच आहे. २०१९ साली मायस्पेसने कबूल केलं की सर्व्हर बदलताना २०१६ च्या आधी लोकांनी चढवलेला माल गेला. पाच कोटींहून अधिक गाणी गेल्याचं सांगितलं जातं. काही आठवड्यांनी त्यांतली सुमारे ४ लाख ९० हजार इंटरनेट आर्काइव्हवर आली. मायस्पेसने ती शोधून काढली नव्हती. संशोधकांच्या एका गटाने अभ्यासासाठी ती आधीच उतरवून घेतली होती. दुसऱ्याच्या घरात होती, म्हणून उरली.

बॅकअपचा जो नियम आता सगळीकडे सांगितला जातो तो पीटर क्रोघ या छायाचित्रकाराने रूढ केला: तीन प्रती, दोन वेगळ्या जातींच्या माध्यमांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. नियम बरोबर आहे. माझा भर त्यातल्या तिसऱ्या भागावर आहे, कारण लोक तोच गाळतात. लॅपटॉप, त्याला जोडलेली डिस्क आणि खणातली डिस्क अशा तीन प्रती मोजायला तीन असतात, पण चोर, आग किंवा फुटलेला पाइप यांच्यासाठी ती एकच प्रत आहे. दुसरी प्रत राजधानी मनामात मित्राकडे ठेवली तर पाइपाची चिंता मिटते. पण बहरीन हा लहान देश आहे, बेटावरचं संकट अख्ख्या बेटावर येतं. तिसरी प्रत भारतात हवी.

आणि ती तिथे ठेवणं मराठी घराला फार सोपं आहे. दरवर्षी कुणीतरी सुट्टीला जातं, कुणाचे तरी आईवडील इथे येऊन परत जातात. एक डिस्क जाते, मागच्या वर्षीची परत येते, नवं भरून पुन्हा जाते. हातातल्या बॅगेतून न्यावी. विमानतळावरच्या क्ष-किरणांनी डिस्कला काही होत नाही. त्याहून चांगलं म्हणजे ज्याचा तबला आहे त्याच्याकडेच पूर्ण प्रोजेक्ट ठेवणं. त्याने वाजवलेलं त्याच्याकडे असावं हा त्याचा हक्कही आहे, आणि त्याचे न वापरलेले टेक त्याच्याइतके जपणारा दुसरा कुणी भेटणार नाही.

क्लाउडबद्दल दोन गैरसमज आहेत. पहिला म्हणजे ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये जुळलेलं फोल्डर म्हणजे बॅकअप. ती जुळवाजुळव असते. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, आणि गूगल ड्राइव्हच्या कचऱ्यातली फाइल तीस दिवसांनी कायमची जाते. गणपतीत वापरलेल्या प्रोजेक्टची आठवण पुढच्या गणपतीत होते, तोवर तीस दिवस केव्हाच उलटलेले असतात. जुन्या आवृत्त्या दीर्घकाळ ठेवणारी खरी बॅकअप सेवा वेगळी असते आणि तिला पैसे पडतात. शिवाय जुळणाऱ्या फोल्डरमध्येच प्रोजेक्ट उघडून रेकॉर्ड करू नये. आपण लिहीत असतो तेव्हाच सेवा ती फाइल उचलू पाहते, आणि दोन अर्धवट आवृत्त्या मागे राहतात. काम स्थानिक डिस्कवर करावं, बंद केल्यावर प्रत वर चढवावी. दुसरा गैरसमज म्हणजे क्लाउड कुठेच नसतो. तो कुठेतरी असतोच. अॅमेझॉनने मध्य पूर्वेतलं आपलं पहिलं केंद्र जुलै २०१९ मध्ये बहरीनमध्येच सुरू केलं. स्वतः जागा निवडायची सोय असेल तर आपल्याच बेटावरची निवडू नये. चढवायला वेळ किती, तर वर जाणारा वेग सेकंदाला वीस मेगाबिट असेल तर एका गाण्याचे १.४ गीगाबाइट दहा मिनिटांच्या आत जातात, पण एक टेराबाइटचं जुनं भांडार साडेचार दिवसांहून जास्त घेतं. म्हणून जुनं भांडार डिस्कने भारतात, नवं गाणं त्याच रात्री क्लाउडवर, अशी विभागणी मला सगळ्यात व्यवहारी वाटते.

पण प्रत असणं आणि ती दहा वर्षांनी उघडणं यात अंतर आहे. गिब्सन कंपनीने नोव्हेंबर २०१७ मध्ये केकवॉक या आपल्या सॉफ्टवेअर शाखेचं काम थांबवलं तेव्हा तिचा सोनार हा ध्वनिमुद्रणाचा प्रोग्राम वापरणारे असंख्य लोक टांगणीला लागले. पुढच्या वर्षी बँडलॅबने ते विकत घेतलं म्हणून सुटका झाली. प्रत्येक वेळी कुणी विकत घ्यायला येत नाही. प्लगइनचा परवाना संपतो, नव्या मॅकवर जुनं तबल्याचं वाद्य चालत नाही, आणि मिडीचे ठोके असतात पण त्यांना आवाज नसतो. म्हणून गाणं संपलं की प्रोजेक्टखेरीज स्टेम काढून ठेवायचे. प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून शेवटपर्यंत सलग, वेव्ह फाइलीत, एकदा परिणामांसह आणि एकदा कोरा. अशा फाइली जगातल्या कुठल्याही प्रोग्राममध्ये एकाखाली एक ठेवल्या की गाणं जुळतं. नावात तारीख वर्षापासून लिहावी, म्हणजे क्रम आपोआप लागतो. 'फायनल', 'फायनल नवीन', 'शेवटचं फायनल' अशा नावांनी घरोघर गोंधळ घातला आहे.

बरोबर एक साधी मजकुराची फाइल ठेवावी, आणि तिच्यात पाश्चात्त्य प्रोग्राम विचारत नाहीत ते लिहावं. स्वर काळी दोन की पांढरी चार. पेटी ४४० ला मिळालेली आहे की जुनी, थोडी चढी. ताल भजनी की दादरा, लय किती, सम कितव्या सेकंदाला येते. तानपुरा कुठल्या अॅपचा, पंचमाचा की मध्यमाचा. कोण काय गायलं-वाजवलं. फाइली सगळ्या मिळाल्या तरी ही माहिती नसली तर नवा तबलजी किंवा नवी गायिका त्या गाण्यात शिरू शकत नाही. सगळे प्रोग्राम टेम्पो लक्षात ठेवतात, सम कुणीच ठेवत नाही.

प्रत घेतली तरी तपासली नाही तर ती असून नसल्यासारखी. वर्षातून दोनदा, समजा गणपतीची तालीम सुरू होण्याआधी आणि दिवाळी उरकल्यावर, दुसऱ्याच संगणकावर एखादं जुनं गाणं त्या प्रतीतून उघडून पूर्ण ऐकावं. पिक्सारमध्ये १९९८ साली कुणीतरी चुकून दिलेल्या आज्ञेने 'टॉय स्टोरी २' च्या फाइली पुसल्या जाऊ लागल्या. बॅकअप होता, पण तो नीट चालत नव्हता हे तेव्हाच कळलं. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावर प्रत होती, तिने चित्रपट वाचवला. तिथेही पुन्हा दुसरं घरच कामी आलं.

आखातातल्या माणसाला आणखी एक प्रसंग येतो आणि त्याची तयारी फार कमी जण करतात: इथून कायमचं निघणं. नोकरी संपते, निवासी ओळखपत्र रद्द होतं, बँकेचं कार्ड बंद होतं, बहरीनचा मोबाइल नंबर जातो. क्लाउडचे पैसे त्याच कार्डावरून कापले जात होते आणि ओटीपी त्याच नंबरवर येत होता. काही महिन्यांनी पुण्यात बसून लॉगइन करायला जावं तर सांकेतिक आकडा बंद पडलेल्या सिमकडे जातो. दोन वर्षं कुणी उघडलं नाही तर गूगल खातंच काढून टाकू शकतं. कंपनीच्या ईमेलवर घेतलेलं खातं तर पहिल्याच दिवशी जातं, आणि त्याच ईमेलवर घेतलेले प्लगइनचे परवानेही. म्हणून नंबर सोडण्याआधी सगळी खाती भारतातल्या नंबरवर आणि स्वतःच्या ईमेलवर वळवावीत, पासवर्ड घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असावेत. सामान जहाजाच्या कंटेनरमध्ये जात असेल तर ड्राइव्ह त्यात घालू नये. एक हातातल्या बॅगेत ठेवावा, दुसरा इथेच राहणाऱ्या मित्राच्या घरी. घरी पोहोचून बॅगेतल्या ड्राइव्हमधलं एक गाणं सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाजवून पाहावं. मित्र विचारेल, आता माझ्याकडचा पुसू का? त्याला म्हणावं, राहू दे तुझ्याकडे.